४२० मीटर रस्ता: कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर

पुण्याच्या पश्चिम उपनगरातला विकास आराखड्यातला रस्ता. लांबी ४२० मीटर, रुंदी १८ मीटर, वरच्या टोकाला चौक आणि खालच्या टोकाला ओढा. नवा छेद असा: मध्ये ७.५ मीटर काँक्रीट, दोन्ही अंगांना २.२५ मीटरची पट्टी (गाड्या लावायला, झाडे, बसथांबा, विजेच्या पेट्या) आणि तिच्या बाहेर ३ मीटरचा पदपथ. खांब, पेट्या, पाट्या यांतले काहीही पदपथावर येणार नाही, सगळे पट्टीत जाईल. महापालिकेने २०१६ मध्ये आखलेल्या रस्तेविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा हाच आहे आणि कागदावर तो सगळ्यांना मान्य असतो. जागेवर पहिला खांब उभा राहतो तेव्हा त्याची परीक्षा होते.

आज फक्त लेव्हल (उंचीची मापे) घेतल्या. चौकातल्या इमारतीच्या जोत्यावर कायमची खूण केली. रस्त्यावर किंवा कर्बवर (पदपथाच्या कडेच्या दगडावर) खूण करू नये, दोन्ही उखडले जातात. दर १० मीटरला आडव्या छेदात पाच बिंदू, आणि शिवाय प्रत्येक फाटकाचा उंबरा. अशी ३१ फाटके निघाली. त्यांतली ९ फाटके सध्याच्या रस्त्याच्या माथ्यापेक्षा ४० ते १६० मिमी खाली आहेत. सोसायट्या खचलेल्या नाहीत. डांबराचा थर उखडून न काढता त्यावर दुसरा, त्यावर तिसरा टाकत गेल्याने रस्ता वर चढला आहे. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येते ते यामुळे.

निर्णय: नव्या काँक्रीटचा माथा आजच्या माथ्याच्या २०० मिमी खाली. चौकाशी जुळवायला पहिले २० मीटर. पदपथाचा कर्ब १०० मिमी ठेवायचा. इतके करूनही ३ फाटके पदपथाच्या मागच्या कडेपेक्षा खाली राहतात. तिथे उंबऱ्यासमोर आडवी जाळीची पन्हळ करून ती पावसाळी वाहिनीला जोडायची.

९ ऑक्टोबर

चाचणी खड्डे ७, साधारण दर ६० मीटरला, आडवे आणि हाताने खोदलेले. जेसीबी लावला असता तर पहिल्याच खड्ड्यात विजेची केबल तुटली असती. ती ९०० मिमीवर असायला हवी, सापडली ३५० वर, वर ना विटा ना लाल पट्टी.

डांबराचे एकूण थर २६० मिमी. त्याखाली जुने सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), मग मुरूम. साखळी ०/२४० (टोकापासून २४० मीटर) ते ०/३३० मध्ये मात्र ७०० ते ९०० मिमी काळी माती आहे. भिजवून घेतलेला सीबीआर (माती किती भार पेलते त्याचे माप) २ टक्क्यांच्या आत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर कितीही जाड काँक्रीट ओतले तरी स्लॅबच्या कडा वर-खाली होतात. त्या ९० मीटरमध्ये खोदाईच्या तळापासून आणखी ५०० मिमी माती काढून मुरूम भरायचा. अंदाजपत्रकात हे नव्हते, वाढीव बाब म्हणून आजच मांडली. नंतर मांडली की ती कधीच होत नाही.

०/१८५ ला १५० मिमीची जुनी बिडाची जलवाहिनी आडवी जाते, खोली १.१ मीटर. पावसाळी पाइप नेमका त्याच खोलीतून जाणार आहे.

१३ ऑक्टोबर

झाडे २३: रेन ट्री, गुलमोहर, कडुनिंब, दोन पिंपळ. एकही तोडायचे नाही. ०/२९० चा पिंपळ पट्टीच्या बाहेर, थेट पदपथात येतो. पदपथ त्याच्या मागून वळवला तर तिथे २.१ मीटर मोकळी रुंदी उरते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मानकात किमान १.८ आहे, म्हणजे चालते.

खोडाभोवती १ मीटरपर्यंत काँक्रीट किंवा ब्लॉक नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये हे बजावले होते, तरी खोडाला चिकटून कोबा केलेली झाडे याच रस्त्यावर ६ आहेत. तो कोबा छिन्नी-हातोड्याने काढला. ब्रेकर लावला की मुळांची साल फाटते. फांद्यांच्या सावलीखालची खोदाई हाताने, आणि मनगटाएवढे मूळ दिसले की पाइप खालून सरकवायचा, मूळ तोडायचे नाही. एका बाजूची मुळे तुटलेला रेन ट्री पुढच्या जूनच्या वाऱ्यात कुठल्या बाजूला पडतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीला गेलेले मजूर परतले, पावसाळी वाहिनी सुरू. पाइप ६०० मिमी, आरसीसी एनपी-३ (दाबाशिवाय वाहणाऱ्या पाण्यासाठीचा), लांबी २.५ मीटर, पश्चिमेच्या पट्टीखालून. काँक्रीटच्या रस्त्याखालून मुद्दाम नेला नाही. चेंबरचे झाकण चाकाखाली आले की ते कधी ना कधी खचते किंवा खडखडते.

व्यास ठरवताना धरलेले आकडे: पाणी येणारे क्षेत्र ३ हेक्टर, पाऊस ताशी ६० मिमी, वाहून येण्याचे प्रमाण ०.८. सेकंदाला ०.४ घनमीटर पाणी. ६०० चा पाइप १:१५० उतारावर भरून वाहिला तर सुमारे ०.५ देतो. ४५० च्या पाइपात हे पाणी बसत नाही, आणि आजवर इथे ३०० चाच पाइप होता.

काम ओढ्याकडून वर. सॉकेटचे (पाइपाच्या रुंद टोकाचे) तोंड चढाकडे, म्हणजे पाणी सांध्यात घुसत नाही. पाइपाचा आतला तळ तयार रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.७० मीटर खाली, सगळीकडे एकच, कारण रस्त्याचा उतारही १:१५० आहे. मुखाशी पाइपाचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा ६०० मिमी वर. ओढा भरला की पाणी उलटे येऊ नये म्हणून मुखावर बिजागरीची झडप. झडपेखाली दगड अडकला तर ती उघडीच राहते, म्हणून तिच्यापुढे १ मीटर काँक्रीटची फरशी.

पाइप रोज ८ ते १० बसतात. पहिल्या दिवशी मुकादमाने दोरी आणि स्पिरिट लेव्हलवर काम चालवले. १:१५० म्हणजे एका पाइपाला १७ मिमी उतार, स्पिरिट लेव्हलला तो कळत नाही. तिसऱ्या पाइपाशी तळ ११ मिमी उलटा गेला होता. तिन्ही काढून पुन्हा बसवले. आता प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना ऑटो लेव्हलची (उंची मोजायच्या दुर्बिणीची) पट्टी.

१४ नोव्हेंबर

०/१८५ चा तिढा सोडवला. पावसाळी पाइपाला वर-खाली करता येत नाही, तो उतारावर चालतो. पाण्याची लाइन दाबावर चालते, तिला वळवता येते. जुन्या बिडाच्या ६ मीटर तुकड्याऐवजी १५० मिमीचा डीआय (बिडापेक्षा चिवट लोखंडाचा) पाइप, दोन्ही बाजूंना ४५ अंशांचे दोन-दोन बेंड, माथा ६५० मिमीवर. पावसाळी पाइप आणि त्याच्यामध्ये २०० मिमी अंतर राहिले. भोवती काँक्रीटचे आवरण आणि प्रत्येक बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा. ठोकळा नसेल तर पाण्याचा दाब बेंडला हळूहळू सांध्यातून बाहेर ढकलतो आणि गळती वर दिसेपर्यंत खाली पोकळी झालेली असते.

वर घेतलेल्या भागात हवा अडकते. म्हणून शेजारच्या इमारतीच्या नळजोडाची फेरूल (मुख्य लाइनवरची जोडणी) त्याच उंच जागी घेतली, पाणी सुटले की हवा तिथून निघून जाते. पुरवठा ७ तास बंद होता. आदल्या दिवशी प्रत्येक फाटकावर चिठ्ठी लावली होती, एकही तक्रार आली नाही.

२६ नोव्हेंबर

चर भरण्याची कसोटी. सूचना होती: २०० मिमीचा थर, पाणी, प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. ०/११० पाशी रात्रपाळीने ७०० मिमी एकदम ढकलून वर पाणी सोडले. सकाळी वरून चर घट्ट दिसत होता. वाळूच्या पद्धतीने घनता काढली तर ८८ टक्के, हवी ९५. १८ मीटर चर पुन्हा उकरला.

बहुतेक रस्ते पहिल्या पावसात इथेच हरतात. नव्या रस्त्यावर वाहिनीच्या रेषेत लांबच लांब घळ पडते ती पाइप फुटल्यामुळे नव्हे, न ठोकलेल्या भरावामुळे. पाइपाच्या कुशीत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खालच्या कोपऱ्यांत, यंत्र पोचत नाही. तिथे लाकडी धुमस आणि माणूस, दुसरा उपाय नाही.

८ डिसेंबर

डक्ट, म्हणजे केबलसाठी आधीच पुरून ठेवायचे पाइप. पूर्वेच्या पदपथाखाली विजेसाठी १६० मिमीचे ४ पाइप, पश्चिमेला दूरसंचारासाठी ११० मिमीचे ४. दर ३५ मीटरला ओढचेंबर, आणि दर ६० मीटरला रस्त्याखालून आडवे २ रिकामे पाइप, पुढच्या वीस वर्षांसाठी. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी आणि दोन्ही तोंडांना बूच. बूच विसरले की काँक्रीटची स्लरी आत शिरते आणि डक्ट कायमचा बंद होतो. म्हणून झाकण्याआधी प्रत्येक पाइपातून लाकडी गोळा ओढून पाहिला. २ ठिकाणी अडकला, दोन्हीकडे सांधा वाकला होता.

पुण्यात चांगल्या रस्त्याचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचे नाव निघतेच. १९७० च्या दशकात १० वर्षांच्या हमीवर झालेला तो रस्ता डांबरीच होता. काँक्रीट की डांबर हा वाद म्हणूनच दुय्यम वाटतो. पाणी थांबले नाही आणि कोणी खोदले नाही, तर दोन्ही टिकतात. डक्टवर खर्च करायचा तो खोदाई टळावी म्हणून.

२३ डिसेंबर

पश्चिमेची अर्धी बाजू, ३.७५ मीटर. वाहतूक पूर्वेच्या अर्ध्यावर, एकेरी. जुन्या माथ्यापासून ७७० मिमी खोदाई. थर खालून वर: ठोकलेला मुरूम, २०० मिमी खडी-कचाचा (कच म्हणजे दगडाचा चुरा) निचरा थर, १५० मिमी कोरडे दुबळे (कमी सिमेंटचे) काँक्रीट, वर २२० मिमी एम-४० (४० मेगापास्कल ताकदीचे) काँक्रीट. निचरा थर पट्टीखालून पावसाळी चेंबरपर्यंत नेला आणि चेंबरच्या भिंतीला भोके ठेवली. तो मध्येच संपवला तर स्लॅबखाली पाण्याचे तळे होते.

कोरड्या काँक्रीटवर आज व्हायब्रो रोलर. मुठीत दाबले की गोळा व्हावा, हाताला पाणी लागू नये.

२ जानेवारी

पहिला ओत. ६० मीटर × ३.७५ × ०.२२ म्हणजे ४९.५ घनमीटर, ६ घनमीटरचे ९ मिक्सर. दुबळ्या काँक्रीटवर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सुरकुती नसलेला. कागद घालायचा तो वरच्या स्लॅबला खालच्या थराने धरून ठेवू नये म्हणून. स्लॅब आकसताना मोकळा सरकला तरच भेग आपण कापलेल्या जागी पडते.

सांधा दर ४.५ मीटरला. त्यात २५ मिमीच्या गुळगुळीत सळया, ४५० मिमी लांब, ३०० मिमीवर, रुंदीत १२. अर्ध्या लांबीवर प्लास्टिकची नळी. या सळया रस्त्याला समांतर हव्यात, आडव्या-तिडव्या बसल्या की सांधा कुलूप लावल्यासारखा अडकतो आणि भेग शेजारी पडते. खुर्चीवर बांधूनही ओतताना मजुराचा पाय पडतोच, म्हणून प्रत्येक सांध्यावर एक माणूस फक्त सळया पाहायला ठेवला. मधल्या लांब सांध्यासाठी १२ मिमीच्या पिळाच्या सळया, ६४० मिमी लांब, ६०० वर. त्या सरकायला नसून दोन पट्ट्या एकमेकींना धरून ठेवायला असतात.

मधल्या जुन्या मैलाचेंबरांच्या भोवती स्लॅबमध्ये चौकोनी खिडकी ठेवली आणि कडेला १२ मिमीचा फळीचा सांधा. चेंबरला स्लॅब चिकटवला तर चारही कोपऱ्यांतून भेगा निघतात. शक्य तिथे आडवा सांधा हलवून खिडकीच्या कडेशी आणला.

ताकद तपासायला नमुने ४, प्रत्येकी ३ क्यूब (दाबून फोडायचे), शिवाय ३ बीम (वाकवून मोडायचे).

३ जानेवारी

कटिंगची वेळ चुकली. ओत दुपारी ३ ला संपला, यंत्र रात्री ११ ला लावले. थंडी ११ अंशांपर्यंत उतरलेली, काँक्रीट अजून कच्चे. पहिल्या दोन सांध्यांच्या कडेचे दाणे सुटले. थांबवून पहाटे ३ ला पुन्हा सुरू केले, कड स्वच्छ आली. या थंडीत १२ तास लागतात. घड्याळाकडे पाहून चालत नाही: खिळ्याने ओरखडा काढायचा, खडा सुटला नाही की कापायचे. काप ३ मिमी रुंद, ७० मिमी खोल, म्हणजे जाडीच्या जवळपास तिसरा हिस्सा. कमी खोल कापला तर भेगेला तो काप दिसत नाही, ती मनाला येईल तिथून फुटते.

९ जानेवारी

एक मिक्सर परत पाठवला. प्लँट सोडून २ तास १० मिनिटे झाली होती, चौकात अडकला होता. चालकाने वाटेत पाणी घातलेले, स्लंप (मालाच्या पातळपणाचे माप) १४० मिमी, तो असायला हवा ६० ते ७५. पाणी घातले की माल सहज पसरतो, म्हणून गवंड्यांनाही तो आवडतो. पण जास्तीचे पाणी वर येते, वरचे ३ मिमी दूधट होतात आणि वर्षभरात धुळीसारखे उडून खडी उघडी पडते. आजपासून ओत पहाटे ५ ला.

पाणी मारणे: गोणपाट १४ दिवस सतत ओले. टँकर दिवसाला दोनदा येऊन जातो एवढ्यावर गोणपाट ओले राहत नाही, दुपारी २ ला हात लावून पाहिले तेव्हा कोरडे होते. दोन माणसे आणि नळी कायमची ठेवली.

३० जानेवारी

पहिल्या ओताचे २८ दिवसांचे निकाल: सगळे क्यूब ४० मेगापास्कलच्या वर, बीम ४.५ च्या वर. शेवटचा ओत १४ जानेवारीचा, म्हणून ही बाजू ११ फेब्रुवारीच्या आधी उघडणार नाही. लवकर उघडा असा आग्रह रोज होतो. पाण्याच्या टँकरचे मागचे चाक कोवळ्या स्लॅबच्या कोपऱ्यावर एकदा गेले की कोपरा तुटतो, आणि तुटलेला कोपरा जोडता येत नाही, पूर्ण स्लॅब काढावा लागतो.

११ मार्च

पूर्वेचे ओत चालू. जानेवारीचे वेळापत्रक इथे चालत नाही. मालाचे तापमान ३० अंशांच्या आत हवे, म्हणून ओत संध्याकाळी ७ नंतर. कटिंग ६ ते ७ तासांतच. परवा ओत दिवसा ५ पर्यंत रेंगाळला, वारा होता, तासाभरात वर केसासारख्या तिरक्या भेगा आल्या. त्या खोल नाहीत, पण पाण्याला वाट मिळते. फिनिश झाल्या झाल्या पांढरे क्युरिंग कंपाउंड (आतले पाणी उडू न देणारे द्रावण) फवारायचे, गोणपाट नंतर.

२५ मार्च

पश्चिमेचा पदपथ. ठोकलेला मुरूम, १५० मिमी खडी-कच, ३० मिमी कच, ६० मिमी ब्लॉक. फाटकांसमोर ८० मिमी. खाली काँक्रीटचा कोबा घातलेला नाही. कोब्यावरच्या कचात पाणी अडकते, गाडी गेली की ते कच घेऊन सांध्यातून उडते आणि ब्लॉक डुगडुगतात.

फाटकापाशी पदपथ खाली उतरवायचा नाही. गाडीने पट्टीतल्या उतारावरून वर चढायचे, पदपथ ओलांडायचा आणि आत जायचे. ३१ फाटकांवर ३१ वेळा खाली-वर करणाऱ्या पदपथावर चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि गुडघे दुखणाऱ्या आजी टिकत नाहीत, त्या रस्त्यावर उतरतात. फक्त ओलांडणीपाशी उतार, १:१२.

स्पर्शफरश्या (न दिसणाऱ्याला पायाने, काठीने कळणाऱ्या) ३०० × ३००. रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा. गवंड्याने ०/१५० ला रेघांची ओळ सरळ विजेच्या पेटीवर नेली होती आणि वळणावर ठिपके घातले नव्हते. दोरी आखून ११ मीटर पुन्हा केले. मिस्त्रीला डोळे मिटून काठीने चालायला सांगितले, नंतर त्यानेच पुढच्या दोन चुका शोधल्या.

पथविक्रेते १४, २०१४ च्या कायद्यानुसार नोंदलेले. त्यांच्या जागा पट्टीत, १.५ मीटर खोलीच्या, बसथांब्याच्या दोन्ही अंगांना.

१६ एप्रिल

शाळेसमोर उंच ओलांडणी. माथा पदपथाच्या पातळीत, दोन्ही बाजूंचा चढ बस आपटणार नाही इतका लांबट. आराखड्यात एक गोष्ट राहिली होती: हा उंचवटा कडेची पन्हळ अडवतो. वरच्या बाजूला दोन नव्या हौद्या घेतल्या. हौदीचा तळ पुढच्या पाइपापेक्षा ३०० मिमी खाली ठेवला, म्हणजे माती आणि पिशव्या तिथेच बसतात आणि काढता येतात. जाळीचे गज रस्त्याला आडवे, सायकलचे चाक अडकू नये म्हणून.

रात्री ११ ला केबल टाकणारी एक टोळी नव्या पदपथावर ब्रेकर घेऊन आली. परवानगीचा कागद जुन्या रस्त्याचा होता. त्यांना ओढचेंबर उघडून दिले, पाऊण तासात केबल डक्टमधून गेली. डक्टचा नकाशा आता प्रत्येक ओढचेंबरच्या झाकणाखाली पत्र्यावर कोरून लावला.

२१ मे

वळवाचा पाऊस, ४० मिनिटे. छत्री, पट्टी आणि खडू घेऊन पूर्ण लांबी चालून पाहिली. नऊही बुटक्या फाटकांच्या आत पाणी नाही. ओढ्याच्या मुखाशी पाइप तिसऱ्या हिस्स्यापर्यंत भरून वाहत होता. दोन हौद्यांवर गुलमोहराच्या पाकळ्यांचा थर बसून पाणी त्यांना वळसा घालून गेले. जूनआधी सफाईच्या यादीत त्या दोन पहिल्या.

०/२७४ ला ओलांडणीच्या उताराच्या पायथ्याशी १२ मिमी पाणी थांबले, साधारण एक मीटर लांब. खुर्ची किंवा काठी घेऊन येणारा माणूस नेमका तिथेच पाय टाकणार. खडूने कड आखली आहे. उद्या सकाळी १८ ब्लॉक उचलून कच पुन्हा लेव्हल करायचा, कडेच्या पन्हळीकडे २ टक्के उतार देऊन, आणि बादलीभर पाणी ओतून पाहायचे.